गाणाऱ्या मुलांना अर्जाच्या तारखाही कळू द्या

महोदय,

तानसेन समारोहाचे आपले वृत्तांत मी दरवर्षी आवडीने वाचतो. कोण काय गायलं, साथीला कोण होतं, सगळं त्यात असतं. मात्र आमच्या ग्वाल्हेरच्या शिकणाऱ्या मुलांच्या कामाची बातमी अंकात शोधूनही सापडत नाही: कुठले अर्ज निघाले आणि मुदत कधी संपते.

मी शहराच्या लष्कर भागात गाणं शिकवतो. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षांची तालीम हवी. या अटीत चपखल बसणारी मुलं इथे गल्लोगल्ली आहेत, पण त्यांना पत्ता लागतो तो मुदत उलटल्यावर. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सीसीआरटीची (केंद्राच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण संस्थेची) वेगळी शिष्यवृत्ती असते, तीही पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. आकाशवाणीची ऑडिशन, केंद्रीय विद्यालयांतली संगीत शिक्षकाची भरती, कॉलेजात शिकवायचं तर नेट ही पात्रता परीक्षा, यांच्या तारखाही अशाच कानोकानी कळतात.

याउलट पैसे घेणाऱ्या स्पर्धांचे निरोप मोबाइलवर रोज येतात. माझी एक विद्यार्थिनी अशाच एका ‘राष्ट्रीय’ स्पर्धेला गेली. प्रवेश फी भरली, गाडीभाडं, राहणं पदरचं. गायला मिळाली तीन मिनिटं! विलंबिताची, म्हणजे संथ लयीची, दोन-तीन आवर्तनं होताहेत तोच घंटा वाजली. तबलजीशी आधी लय जुळवायलाही वेळ दिला नव्हता. परीक्षक कोण होते हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि पदक मात्र सगळ्यांना मिळालं. पोरगी रडवेली होऊन परतली. तिच्या वडिलांनी उसने पैसे घेतले होते. परीक्षकांची नावं, गायला मिळणारा वेळ आणि बक्षिसाची रक्कम आधी जाहीर न करणाऱ्या स्पर्धेला मुलांना पाठवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्वाल्हेरला २०२३ साली युनेस्कोने संगीतनगरी म्हणून मान दिला, तेव्हा आपण पहिल्या पानावर बातमी छापलीत. आता आठवड्यातून एकदा, आतल्या पानावर का होईना, चार बोटं जागा या तारखांसाठी द्यावी. सरकारी जाहिराती पाहून, अटी पडताळून मजकूर द्यायला मी आणि इथले काही शिक्षक तयार आहोत. त्याचा मोबदला नको.

– एक संगीत शिक्षक, लष्कर, ग्वाल्हेर