आई-अण्णा, मी अंबाजोगाईलाच राहतेय

ती. अण्णा आणि आई,
सप्रेम जय भीम.

फोनवर सांगितलं असतं तर अण्णांनी 'बरं' म्हणून फोन आईकडे दिला असता, आणि आई रडली असती. म्हणून लिहिते. पुण्याच्या त्या संस्थेतल्या नोकरीला मी नाही म्हणून कळवलं. कळवून झालंय, तेव्हा त्यावरून दोघांनी भांडू नका. मी अंबाजोगाईलाच राहतेय, याच कॉलेजात, तासिका तत्त्वावर.

पैशाचं आधी सांगते, कारण तुम्ही तेच आधी विचाराल. तासाप्रमाणे मिळतात, उशिरा मिळतात आणि उन्हाळ्यात मिळतच नाहीत. संध्याकाळी दहावीच्या पोरांची शिकवणी घेते, त्यातून खोलीभाडं सुटतं. पुण्याचा पगार जास्त होता हे खरं, पण तिथलं भाडं, मेस, बसचा पास धरला तर हातात काय उरलं असतं ते अण्णांनीच कागदावर मांडून बघावं. प्राध्यापकीची सेट परीक्षा झालेली आहे, पक्की जागा निघाली की अर्ज करीनच. तुमचे महिन्याचे पैसे थांबणार नाहीत. आणि हिशेब पटला नाही तरी राहू द्या, मी हिशेबासाठी थांबलेलीच नाही.

पुण्यात खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा असायचा. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सांगून काय झालं असतं? अण्णा दोन दिवस जेवले नसते. इथं पहिल्याच आठवड्यात सायकल स्टँडजवळच्या लिंबाखाली पोरंपोरी नाटक बसवत होती, मी उगीच बघत उभी राहिले. एका पोरीनं माझ्या हातात डफ दिला आणि म्हणाली, "मॅडम, जरा धरा, माझा प्रवेश आलाय." नाव नाही, गाव नाही, विषय कोणता शिकवता तेही नाही. तास संपल्यावर मी खोलीवर जायचं सोडून रोज तिथंच.

कॉलेज एवढंसं आहे. शिपाई मामांना प्रत्येक पोराचं गाव पाठ. या गटात एक तांड्यावरची पोरगी आहे, गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, गाते तेव्हा अर्थ न कळताही अंगावर काटा येतो. ढोलकी वाजवणारा मोमिनपुऱ्यातला आहे, त्याची अम्मी तालमीला चुरमुऱ्यांचा सुशीला करून पाठवते, आणि आई, तुझ्यापेक्षा बरी करते (रागावू नकोस, तू शेंगदाणे कमी घालतेस). बाकी बरीच लेकरं ऊसतोडीवाल्यांची. निवृत्त झालेले मराठीचे एक सर रोज येऊन खुर्चीत बसतात, उच्चार सुधारतात आणि चहाचे पैसे देतात. दासोपंतांनी इथंच लांबलचक कापडावर पासोडी लिहिली, त्या गावात तुम्ही फ्लेक्स कसले छापता, असं ते म्हणाले. तेव्हापासून आमची पोस्टरं जुन्या धोतरांवर रंगवली जातात.

आता अण्णांना ज्याची भीती आहे ते. हो, गावोगाव जाऊन पथनाट्य करतो. विषय कोयत्याचा. तुम्हाला काय सांगायचं, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे जोडीला मिळतात, मग दसऱ्याच्या आत चौदा वर्षांची पोरगीही बोहल्यावर चढते. टोळी गेल्यावर तिला मागं ठेवायचं कुणाच्या भरवशावर, हाही आईबापांचा प्रश्न असतोच, त्यांना नुसतं शिव्या देऊन भागत नाही. म्हणून नाटकात आम्ही मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर सांगतो तसं हंगामी वसतिगृहाचंही सांगतो. नाटकातला बाप तर ज्याच्या घरी हे झालं तोच पोरगा करतो. त्याच्या बहिणीचं. मी त्याला दुसरं काम घे म्हणाले होते, त्यानं ऐकलं नाही.

दुसरं नाटक बायांच्या गर्भपिशवीचं. २०१९ला बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची सरकारी पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत, बाळंतपणात खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून कटकटच नको, काढून टाका. पण हे नाटक चौकात चालेना. पुरुष समोर बसले की बाया पदर तोंडात धरून उठून जायच्या.

तेव्हा आई, तू कामाला आलीस. मागच्या उन्हाळ्यात तुझ्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाईलमध्ये भरून घेतल्या होत्या ना? तू म्हणत होतीस, काय करायचंय त्या जुन्या रडगाण्याचं. पोरींनी त्यातली चाल उचलली आणि पिशवीच्या ओव्या रचल्या. आता आम्ही चौकात नाही, एखादीच्या वट्ट्यावर बसतो. पोरी दोन ओव्या म्हणतात आणि थांबतात. एका वस्तीवर तर म्हातारीनं तिसरी स्वतःच जोडली, मग तिच्या सुनेनं, मग सगळ्याच बोलायला लागल्या, ओवीत नाही, साध्या बोलण्यात. कुणाला कितव्या वर्षी पिशवी काढायला लावली, कुणाला किती कर्ज झालं. पोरी विचारतात, मोबाईलमधला हा आवाज कुणाचा? मी सांगते, गंगाखेडकडची आहे माझी माय, जनाबाईच्या गावची. शाळा दुसरीपर्यंत, पण तुमच्या मॅडमला बोलायला तिनंच शिकवलं.

लहानपणी मी जात्याच्या खुंट्याला माझाही हात लावायचे आणि तू म्हणायचीस, "माझ्या चिमणीनं दळलं बाई सगळं." पायलीभर ज्वारी तूच दळलेली असायची.

अण्णा, १९७८च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला तेव्हा तुम्ही मिलिंद कॉलेजला होता, एवढंच मला माहीत आहे. पुढचं तुम्ही बोलत नाही, मोठ्या बाबांचा हात बघून आम्हीही विचारलं नाही. विद्यापीठाला नाव लागलं १४ जानेवारी १९९४ला, तेव्हा मी मांडीवर होते आणि तुम्ही मला गेटवर नेलं होतं असं आई सांगते. एवढ्या गर्दीत तान्ह्या लेकराला नेणारा माणूस मला 'कशात पडू नको' म्हणतो, तेव्हा मी काय समजायचं? भीती समजते, खरंच समजते. म्हणून सांगते, सरपंचाला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवल्याशिवाय आम्ही कुठं जात नाही. एकटी कुणी नसते, दिवस मावळायच्या आत परत. एकदा ऊसतोडीच्या टोळीचा एक मुकादम वाद घालायला आला होता. त्याला चहा पाजला, तो शेवटपर्यंत बसून गेला. नाटक आवडलं असं काही म्हणाला नाही, पण गेला.

माझी काळजी नको. खोली दुसऱ्या मजल्यावर, वारा चांगला, पाणी टाकीचं. घरमालकीण मावशी शेजारीच, रात्री दार लावलं का विचारते. भाकरी मीच करते, फुगतेही. बोअरचं पाणी पीत नाही.

आता तुमचं ऐका. अण्णा, बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. बरं वाटतंय ते गोळीनंच. आईनं चुलीपुढं बसणं बंद करायचं, गॅस काय पूजेला ठेवलाय का? गुडघ्याला तेल लावून भागणार नाही, दाखवावं लागेल. अण्णांच्या डाव्या डोळ्याचं तर आता पुढं ढकलायचं नाहीच. इथं स्वाराती सरकारी दवाखान्यात दाखवू, मी दोन दिवस तास बदलून घेतलेत. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी निघायचं. गंगाखेडहून परळी, परळीहून अंबाजोगाई, सकाळच्या गाडीनं, उन्हाच्या आत. आई आतल्या बाजूला बसेल, अण्णा खिडकीशी. शनिवारी दुपारी तालीम असते, वाटलं तर या, नाही वाटलं तर खोलीवर झोपा, मी ओढून नेणार नाही.

आणि अण्णा, पेटीतली ती वही घेऊन या. निळ्या पुठ्ठ्याची. आंबेडकरी जलशाची गाणी आहेत तिच्यात हे मला सातवीपासून माहीत आहे. पोरांना द्यायची की नाही ते तुम्ही इथं आल्यावर ठरवा, पण आणा. सोबत आधार कार्डही घ्या दोघांचं. आईला बाई म्हणून अर्धं तिकीट आहे, तुम्हालाही पासष्टच्या वरचं म्हणून अर्धंच लागतं. मागच्या वेळी कंडक्टरशी बोलायला लाजून तुम्ही पूर्ण तिकीट काढलं होतं, तसं करू नका.

तुमची लेक,
प्रज्ञा