खिळे जुळवणाऱ्या काकांना कृतज्ञतेचे पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

डिझाइनच्या पदवीसाठी मी केलेले जात्यावरच्या ओव्यांचे पुस्तक आणि त्यासाठी रेखाटलेला देवनागरी फॉन्ट आता लोकांसमोर आला आहे. पाहणारे अक्षरांचे कौतुक करतात. त्या कौतुकात तुमचा वाटा किती मोठा आहे, हे चारचौघांत सांगितलेच पाहिजे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमुळे हा ठेवा आज आपल्याला वाचायला मिळतो. माझ्यापुढचा प्रश्न होता तो त्यांच्या रूपाचा. दळता दळता गायलेली ही कविता कागदावर कोणत्या अक्षरात उतरवावी? संगणकावर हाताशी असलेली बरीचशी अक्षरे एक तर सरकारी परिपत्रकाची वाटत, नाही तर लग्नपत्रिकेची. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तके मी ग्रंथालयात बसून न्याहाळली होती. पण छापलेले अक्षर पाहणे वेगळे आणि तेच अक्षर छपाईचा शिशाचा खिळा म्हणून बोटांत धरणे वेगळे, हे तुमच्यापाशी आल्यावर उमगले.

डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळ्यांच्या ओळी जुळवायची पट्टी, शेवटच्या खिळ्यावर टेकवलेला अंगठा, आणि खिळे ठेवायच्या पेटीतल्या कप्प्यांकडे न पाहता फिरणारा उजवा हात, हे मी तासन्‌तास पाहत राहिले आणि तुम्ही एकदाही कंटाळा केला नाहीत. एका जुन्या पानावर शिरोरेघ जागोजागी तुटलेली दिसत होती. तुम्ही दोन खिळे काढून भिंगाखाली धरलेत आणि वापरून वापरून झिजलेल्या कडा दाखवल्यात: प्रत्येक खिळा आपल्यापुरता रेघेचा तुकडा घेऊन येतो, आणि ते तुकडे एकमेकांना भिडले नाहीत तर शब्द शब्द राहत नाही, त्याची सुटी अक्षरे होतात. माझ्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरात किंचित शिरते, ती त्या दुपारमुळे. ऱ्हस्व वेलांटीचेही तेच. ‘स्त्रियांच्या’ हा शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच होता, आणि त्यातली वेलांटी अर्ध्या स वर थांबून न राहता पुढे त्र च्या दंडापर्यंत पोहोचली पाहिजे, हे तुम्ही लाल पेन्सिलीने कमान काढून दाखवलेत. त्यानंतर मी निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या रेखाटल्या. माझ्या मते संपूर्ण फॉन्टमधले सर्वांत जमलेले काम तेच आहे.

पाकळीचा ल आणि देठाचा श या मराठी वळणांबद्दलचा तुमचा आग्रहही मी मनापासून पाळला. शासनाच्या २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी हीच वळणे धरली आहेत, तरी आपल्या फलकांवर आणि पडद्यांवर ती अजून क्वचितच दिसतात, याचे मला वाईट वाटते.

या सर्वांहून मोठे ऋण मात्र वाचनाचे आहे. मुद्रित, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, हातात आले की तुम्ही आधी ओवी मोठ्याने म्हणत असा, आणि आवाज जिथे थांबे तिथेच ओळ मोडायला सांगत असा. मी पानाच्या समतोलासाठी ओळी कापत होते, तुम्ही दळणाऱ्या बाईच्या श्वासासाठी त्या राखत होता. भाषा आणि चित्र यांना एकत्र आणायचे म्हणजे अक्षरांना नटवायचे, अशी समजूत आम्हा शिकणाऱ्यांत सर्रास असते. मजकूर कानांनी वाचल्याशिवाय त्याच्या मांडणीला हात घालू नये, ही शिस्त मला कोणत्याही तासिकेत मिळाली नव्हती, आणि आज मी जे काही काम हाती घेते त्याची सुरुवात त्या मोठ्याने वाचण्यानेच होते.

या साऱ्याचा मोबदला तुम्ही घेतला नाहीत. श्रेयनामावलीत नाव घालू दिले नाहीत, म्हणून येथेही ते लिहीत नाही. फॉन्ट मात्र सर्वांना विनामूल्य वापरता येईल असा खुला ठेवला आहे, कारण तुम्हीही जे जाणता ते कधी राखून ठेवले नाहीत. ठळक वजनाच्या जोडाक्षरांची मुद्रिते तयार होत आली आहेत. ती घेऊन येत्या पंधरवड्यात येते. सवड काढून तपासावीत, ही विनंती.

तुमची कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी