दाजीपूरच्या रस्त्यावर भेटलेल्यांनो, आभार!

गेल्या रविवारी गवा बघायचाच म्हणून कोल्हापुरातून एकटीच स्कूटरवर निघाले. घरच्यांनी ‘एकटी कशाला?’ हे तीनदा विचारून झालं होतं. राधानगरी मागे पडली आणि फोंड्याच्या रस्त्याला मागचं चाक बसलं. मोबाईलला रेंज नाही.

दुधाचे कॅन घेऊन निघालेला पिकअपवाला थांबला. “ताई, हितं पंक्चरवाला न्हाई, चढवा गाडी.” स्कूटर कॅनांच्या मधे दोरीनं बांधली, मागे राधानगरीत दुकानापाशी उतरवून दिली आणि पैसे काढेपर्यंत गडी निघूनही गेला. नाव विचारायचं राहिलंच.

ज्या मावशींनी चहा पाजला, भाकरीवर खर्डा ठेवून हातात दिला, त्यांचेही आभार. (खर्डा जरा जास्तच झणझणीत होता, मावशी!)

आणि जंगलात सोबत आलेले वाटाडे दादा. मी शेकरूचा फोटो काढायला धडपडत होते, तर यांनी नुसता हात वर केला. समोर झाडीत गवा! काळाकभिन्न, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. एक टन वजनाचं ते धूड, पण पाचोळ्याचा आवाजसुद्धा नाही. “हलू नका, त्येला जाऊ द्या,” एवढंच दादा पुटपुटले. गव्यांसाठी हे जंगल १९५८ मध्ये राखीव झालं, हेही त्यांच्याचकडून कळलं.

पिकअपवाल्या भावा, हे वाचलंस तर एक तांबडा-पांढरा माझ्याकडून लागू!