'हाड वाढलंय' म्हणजे नक्की काय?

महोदय,

सर्दी हटेना की घरोघरी एकच निदान : 'नाकाचं हाड वाढलंय'. (बहुतेकदा ते वाढलेले नसते, मधला पडदा वाकडा असतो.) माझ्या सीटी स्कॅनच्या अहवालात पडदा डावीकडे कललेला आणि मधल्या शंखास्थीत (नाकाच्या आत बाजूच्या भिंतीवर असलेल्या वळणदार हाडांपैकी मधल्या हाडात) हवेची पोकळी, असे दोन शेरे वाचून धडकीच भरली. पण असे फरक कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांतही सापडतात. गालाच्या सायनसचे, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीचे, नाकात उघडणारे तोंड तळाशी नसून वर, डोळ्याच्या खोबणीजवळ असते. आतला चिकट स्राव सूक्ष्म केसांच्या रेट्याने अक्षरशः चढ चढून बाहेर पडतो. फुगलेली शंखास्थी नेमकी त्या चिंचोळ्या वाटेत आली तर अडथळा होऊ शकतो. पण साधी अ‍ॅलर्जीची सूजही तीच वाट बुजवते. १२ आठवडे त्रास टिकला तर आजार जुनाट धरतात, आणि तेव्हाही सुरुवात सहसा मिठाच्या पाण्याने नाक धुणे व स्टेरॉईडचा फवारा यांनीच होते. माझे तेवढ्यावर भागले. अहवाल हाती देताना 'यातले तुमच्या त्रासाशी काय जुळते' हे डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगायला काय हरकत आहे?

– एक वाचक