वर्ग पाचमधला पगार: जर्मनीच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय श्री. लार्स क्लिंगबाइल,
केंद्रीय अर्थमंत्री, जर्मनी

महोदय,

मी श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांची पगारपत्रके तयार करते. पगारातून दरमहा किती कर कापायचा हे करवर्गावर ठरते, म्हणून लग्न झालेल्या सहकाऱ्यांचा ‘तीन-पाच घ्यावे की चार-चार’ हा प्रश्न माझ्या टेबलावर नेहमी येतो आणि विचारणाऱ्यांत अलीकडे मराठी माणसे बरीच असतात. या पत्राची जर्मन प्रत आपल्या मंत्रालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. मराठीत ते अशासाठी लिहिले, की ज्यांना या निवडीची झळ बसते त्यांनी अर्जावर सही करण्याआधी ते वाचावे.

लग्नाची नोंद झाली की पती-पत्नी दोघेही आपोआप करवर्ग चारमध्ये जातात. दोघांनी अर्ज केल्यास जास्त कमावणाऱ्याला वर्ग तीन आणि कमी कमावणाऱ्याला वर्ग पाच मिळतो. वर्ग तीनच्या पगारातून कर कापताना दोघांचीही मूळ करमुक्त रक्कम (2025 साठी माणशी 12,096 युरो) धरली जाते. वर्ग पाचच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही. साहजिकच एकाचा हातात पडणारा पगार फुगतो, दुसरीच्या पगाराला कात्री लागते आणि उत्पन्नांत मोठी तफावत असेल तर घरात येणारी महिन्याची बेरीज चार-चारपेक्षा जास्त दिसते. वर्षाचा एकूण कर मात्र तेवढाच राहतो. तो विवरणपत्रावरून, संयुक्त आकारणीने, म्हणजे दोघांचे उत्पन्न एकत्र करून निम्मे-निम्मे धरून ठरतो. तीन-पाच घेणाऱ्यांना ते विवरणपत्र भरणे सक्तीचे आहे आणि दर महिन्याला कर कमी कापला गेला असेल तर फरक तेव्हा भरावाच लागतो.

या संयुक्त आकारणीविषयी माझी तक्रार नाही. कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाच्या 1957 च्या निकालानंतर 1958 पासून ती चालत आली आहे. 2025 च्या दरांनी, एकाचे करपात्र उत्पन्न 80,000 युरो आणि दुसऱ्याचे शून्य असेल तर तिच्यामुळे वर्षाला सुमारे 8,000 युरो वाचतात. तेच 80,000 युरो 60 आणि 20 हजार असे विभागले, तर बचत सुमारे 1,400 युरोंवर येते. हे न्याय्य आहे की नाही, तो वाद संसदेने जरूर घालावा. पण वर्ग पाच रद्द केल्याने या बचतीला धक्का लागत नाही, हे मात्र त्या वादाच्या गदारोळात कोणी स्पष्ट सांगत नाही.

माझी हरकत भत्त्यांपुरती आहे. जादा कापलेला कर विवरणपत्रानंतर परत मिळतो, परंतु कमी धरलेल्या निव्वळ पगारावर मोजलेला भत्ता कोणीही पुन्हा मोजत नाही. पालकभत्ता, म्हणजे एल्टर्नगेल्ड, हा साधारणपणे आधीच्या बारा महिन्यांच्या निव्वळ पगाराच्या 65 टक्के असतो. समजा, वर्ग चारमध्ये एका स्त्रीच्या हातात 1,900 युरो पडले असते आणि वर्ग पाचमुळे 1,500 पडले. तिचा भत्ता 1,235 ऐवजी 975 युरो होईल, म्हणजे महिन्याला 260 आणि बारा महिन्यांत 3,120 युरो कमी. पगार तोच, काम तेच, पतीसह भरलेला वर्षाचा करही तोच. बेकारीभत्ता निव्वळ पगाराच्या 60 टक्के, आणि मूल असल्यास 67 टक्के. तोही करवर्ग पाहूनच मोजला जातो.

वर्ग बदलण्याची सोय आहे, हे मला ठाऊक आहे. 2020 पासून तो वर्षातून कितीही वेळा बदलता येतो. परंतु पालकभत्त्यासाठी त्या बारा महिन्यांपैकी बहुतांश महिने जो वर्ग असेल तोच धरतात. प्रसूतिरजा प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधी सुरू होते आणि बदल अर्जानंतरच्या महिन्यापासून लागू होतो, हे लक्षात घेतले तर पाळी चुकताच डॉक्टरांच्या आधी वित्त कार्यालय गाठावे लागेल. जर्मन वित्त कार्यालयाची भाषा अजून शिकत असलेल्या नवख्या मुलीकडून ही अपेक्षा ठेवणे म्हणजे नियम असून नसल्यासारखे आहे.

उपाय आपल्या कायद्यात 2010 पासून आहे. ‘वर्ग चार, फॅक्टरसह’ या पद्धतीत संयुक्त आकारणीचा फायदा दोघांच्याही पगारात आपापल्या प्रमाणात उतरतो आणि दोघांनाही स्वतःची करमुक्त रक्कम मिळते. आधीच्या सरकारच्या 2024 च्या मसुद्यात तीन-पाच बंद करून 2030 पासून सर्वांना हीच पद्धत लावण्याची तरतूद होती; ते सरकार कोसळले आणि डिसेंबरमध्ये संमत झालेल्या कायद्यातून ती गळाली. ती तरतूद आपण पुन्हा मांडावी, ही माझी मुख्य मागणी आहे. तोवर निदान तीन-पाचच्या अर्जावरच, सहीच्या जागेच्या वर, ‘या निवडीने पालकभत्ता आणि बेकारीभत्ता कमी होऊ शकतो’ हे वाक्य ठळक छापावे. कुटुंब मंत्रालयाशी बोलून भत्ते मोजताना वर्ग पाचऐवजी वर्ग चार धरता आला, तर कर कायद्याला हातही लावावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या लोकांपुरती. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. असे येणारे अनेक जण आधी एकटेच येतात. पत्नी सांगलीत किंवा नांदेडमध्ये असेल तोवर ते विवाहित असूनही वर्ग एकमध्येच राहतात, कारण वर्ग तीनसाठी अशा भारतीयांचा जोडीदार इथे राहत असावा लागतो. हा नियम कठोर असला तरी निदान समजण्यासारखा आहे. मात्र पत्नीने डिसेंबरमध्ये येऊन पत्ता नोंदवला, तरी त्या संपूर्ण वर्षासाठी संयुक्त आकारणी मागता येते, आणि कराचा दर ठरवताना तिचे त्या वर्षाचे भारतातील उत्पन्न विचारात घेतले जाते, हे त्यांना कोणीही सांगत नाही. पत्ता नोंदवल्यानंतर आपल्या खात्याकडून प्रत्येकाला कर-ओळखक्रमांकाचे पत्र जाते. त्याच लिफाफ्यात या दोन्ही बाबी सोप्या जर्मनमध्ये एका पानावर लिहून घालाव्यात, ही विनंती.

आपली विश्वासू,
बाडेन-व्युर्टेम्बर्गमधील एक करदाती