जनुकांचा अहवाल ‘इतर कागदपत्रे’मध्ये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जनुकं बघून औषध ठरवण्याविषयीचा लेख वाचला. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण पहिल्याच ओळीत आली, शेजारी निळ्या उजेडात न्हालेला डीएनएचा पीळ आला, आणि डॉक्टर लवकरच प्रत्येकाच्या जनुकांप्रमाणे गोळी निवडू लागतील, असं आश्वासनही मिळालं. लेख चुकीचा नाही. पण लेखकाने प्रयोगशाळा पाहिली आणि रुग्णालयातली नोंदींची खोली पाहायची राहिली. मी त्या खोलीत २६ वर्षं काढली. सुरुवातीला लोखंडी मांडण्या आणि दोरीने बांधलेले केस पेपर, मग स्कॅनर, मग नुसता स्क्रीन. मागच्या वर्षी निवृत्त झाले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे खाली औषधांविषयी जे लिहिलंय ते वाचून कोणी आपली चालू गोळी बंद करू नये, एवढी विनंती आधीच करून ठेवते.

गोष्ट माझ्या थोरल्या भावाची आहे, आणि थोडी माझ्या चुकीचीही.

मी नोकरीला होते त्याच रुग्णालयात दादाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल सर्रास देतात. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिला जागं करतं आणि मग ती प्लेटलेटना, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या कणांना, एकमेकींना चिकटू देत नाही. ज्याला आई आणि वडील दोघांकडूनही हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाची न चालणारी प्रत मिळाली, त्याच्या अंगात ती बरीचशी झोपलेलीच राहते. माणूस गोळी वेळेवर घेतो, घरचे डबीत वारांप्रमाणे खण लावून देतात, आणि प्लेटलेट आपल्या चिकटत राहतात. पूर्वी अशा वेळी औषध लागू पडलं नाही म्हणायचे, फार तर डॉक्टरांच्या हाताला गुण नाही म्हणायचे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मार्च २०१० मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा घातला, तो याच कारणाने.

दादाच्या डॉक्टरांनी जनुक तपासून घेतलं. निकाल आला ‘*२/*२’, म्हणजे दोन्ही प्रती न चालणाऱ्या. त्यांनी टिकाग्रेलॉर सुरू केलं, त्याला यकृताने जागं करायची गरज नसते. वर्ष नीट गेलं. पुढे तेही थांबवलं आणि एकटी ॲस्पिरिन राहिली. इथपर्यंत सगळं तुमच्या लेखातल्यासारखंच झालं.

त्यानंतर सहा महिन्यांनी एका सकाळी दादाचा उजवा हात अर्धा तास लुळा पडला, बोलताना जीभ अडखळली, आणि मग सगळं पूर्ववत झालं. पक्षाघाताची पूर्वसूचना, टीआयए. रुग्णालय तेच, पण विभाग वेगळा, डॉक्टर वेगळे. दोन दिवसांनी घरी सोडलं. वहिनी फोनवर मला डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्या एकेक करून वाचून दाखवत होती. तिसरं नाव तिला वाचता येईना. मी म्हटलं, अक्षरं सांग. तिने क्लोपिडोग्रेलची अक्षरं सांगितली.

मी खुर्चीवरून दादाची नोंद उघडली आणि शोधाच्या चौकटीत ‘*२’ टाइप केलं. आमच्या संगणकात त्या स्टारचा अर्थ ‘इथे काहीही चालेल’ असा होता. दादाच्या फाइलमधलं दोनने संपणारं जे जे होतं ते समोर आलं : हिमोग्लोबिन १३.२, खोली ४१२, एका पावतीचा क्रमांक. जनुकाचा अहवाल आला नाही, कारण तो मुळात अक्षरं नव्हताच. तो कागदाचा फोटो होता. एकेक दस्तऐवज उघडत ४० मिनिटांनी तो सापडला, ‘इतर कागदपत्रे’ या कप्प्यात, विम्याचा अर्ज आणि ओळखपत्राची झेरॉक्स यांच्या मध्ये, जरा तिरका स्कॅन झालेला. खाली अपलोड करणाऱ्याचा कोड होता. तो माझा. दादाचा अहवाल म्हणून मी तो मुद्दाम स्वतः चढवला होता. बाहेरच्या लॅबच्या अशा तपासणीला दुसरा कप्पाच नव्हता, आणि तो असावा हे मलाही तेव्हा सुचलं नव्हतं.

डॉक्टरांना दोष देता येणार नाही. त्यांच्या स्क्रीनवर सर्वांत वर लाल चौकटीत ॲलर्जीची जागा असते. तिथे ‘नाही’ लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. अहवाल दाखवल्यावर त्यांनी पाच मिनिटांत गोळी बदलली आणि दोन्ही औषधांची तुलना करणाऱ्या एका चाचणीविषयी सांगितलं. २०२१ मध्ये चीनमधल्या ६,४१२ रुग्णांवरची ती चाचणी प्रसिद्ध झाली. किरकोळ पक्षाघात किंवा टीआयए झालेली, आणि या जनुकाची निदान एक प्रत न चालणारी असलेली माणसं घेतली होती. ९० दिवसांत पुन्हा पक्षाघात झाला तो टिकाग्रेलॉर घेणाऱ्यांत ६ टक्क्यांना, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत ७.६ टक्क्यांना. आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. पण ज्याचा हात लुळा पडतो त्याच्यासाठी तो शंभर टक्के लुळा असतो.

म्हणून मला लेखातली ‘लवकरच’ ही भाषा खटकली. विज्ञान येऊन बसलं आहे, त्याला बसायला जागा नाही. एका माणसाचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला की कच्ची माहितीच साधारण १०० जीबी भरते. त्यातून प्रमाण नमुन्याशी तुलना करता ४० ते ५० लाख फरक निघतात. डॉक्टरांना त्यातली एक ओळ हवी असते, आणि ती ते गोळीचं नाव टाइप करत असतात त्याच क्षणी हवी असते, आदल्या दिवशीही नाही आणि ४० मिनिटांनंतरही नाही. त्यासाठी निकाल फोटो म्हणून ठेवून भागत नाही. जनुकाचं नाव, दोन्ही प्रती, त्यांचा अर्थ आणि तपासणीची तारीख, प्रत्येकाला आपला रकाना हवा, आणि तोही सगळ्या रुग्णालयांच्या संगणकांना कळेल अशा सामाईक सांकेतिक क्रमांकांत.

कोणत्या जनुकाला कोणती गोळी कशी द्यावी याच्या मार्गदर्शिका सीपीआयसी नावाचा तज्ज्ञगट २००९ पासून तयार करतो आणि त्या कोणालाही फुकट वाचता येतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयाने तर २०१० मध्येच जनुकं आधी तपासून निकाल नोंदीत घालून ठेवायला सुरुवात केली. क्लोपिडोग्रेल लिहायला गेलं की स्क्रीनच सावध करतो. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सात युरोपीय देशांतला अभ्यास आला. ६,९४४ रुग्ण, १२ जनुकं, आणि ज्यांची औषधं जनुकं बघून ठरवली त्यांच्यात औषधांचे त्रासदायक परिणाम ३० टक्क्यांनी कमी. बातम्यांत तो ३० चा आकडा झळकला. मला भावलं ते वेगळंच : त्या रुग्णांना आपला निकाल पाकिटात मावणाऱ्या कार्डावर दिला होता. एवढ्या मोठ्या अभ्यासालाही एकट्या संगणकावर विसंबावंसं वाटलं नाही!

सूचना देणारा स्क्रीन बसवला की काम झालं असंही नाही. दिवसभर सूचना उघडत राहिल्या की डॉक्टरांचं बोट चौकट दिसायच्या आधी ‘पुढे’वर जातं, हे मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहून पाहिलं आहे. शिवाय जनुक म्हणजे सगळं नव्हे. ॲसिडिटीवरची ओमेप्राझोल त्याच सीवायपी२सी१९ ला अडवते. जनुक धडधाकट असलेला माणूस तिच्या जोडीने क्लोपिडोग्रेल घेतो तेव्हा गोळी पूर्ण जागी होत नाही. ती ॲसिडिटीची गोळी त्याला दुसऱ्याच डॉक्टरांनी दिलेली असते किंवा त्याने स्वतःच आणलेली असते. म्हणजे जनुकाचा निकाल आणि चालू गोळ्यांची खरी यादी एका पानावर आल्याशिवाय दोन्ही अर्धवट.

आणखी एक गोष्ट आमच्या खोलीत कधीच कोणी बोललं नाही. जनुक बदलत नाही, पण त्याचा अर्थ बदलतो. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराला कारणीभूत म्हणून नोंदवलेले काही जनुकीय बदल प्रत्यक्षात निरुपद्रवी आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये नेहमी आढळणारे निघाले, हे २०१६ मध्ये पुढे आलं. तुलनेसाठी त्यांच्यातली माणसंच पुरेशी घेतली नव्हती. दरम्यान काही जणांना तुम्हाला आजाराचं जनुक आहे असं सांगून झालं होतं. असं झालं तर जुन्या रुग्णाला परत बोलवायचं कोणी? लॅबने, डॉक्टरांनी की नोंदींच्या खोलीने? आमच्याकडे त्याची वही नव्हती, रकाना नव्हता, माणूसही नव्हता.

उलट बाजूही सांगते. दादाची नोंद मी उघडली म्हणून मला नंतर लेखी खुलासा मागितला गेला. नातेवाइकाची फाइल कोणत्या अधिकारात पाहिली? मागणी रास्त होती आणि मी खुलासा दिला. जनुकाच्या बाबतीत तर ती दुप्पट रास्त. दादाला दोन्ही प्रती न चालणाऱ्या, म्हणजे आई-वडील दोघांकडेही निदान एकेक असणारच, आणि मग मलाही तशा दोन मिळण्याची शक्यता किमान चारांत एक. त्याचा अहवाल उघडताना माझ्याही रक्तातलं काहीतरी उघडत होतं. मार्च २०२५ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी ही घरबसल्या जनुकं तपासून देणारी अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा आपली माहिती पुसून टाकायला ग्राहकांची झुंबड उडाली. त्यांच्या भावंडांना मात्र कोणी विचारलं नसेल. मी तपासून घेतलं. माझी एक प्रत चालते, एक नाही. मी आणि दादा भावंडं आहोत हे आमच्या संगणकाला मात्र अजून माहीत नाही.

या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा वाचकांना दोन प्रश्न जरूर द्या, डॉक्टरांना विचारायला : माझा जनुकाचा निकाल तुमच्या स्क्रीनवर कुठे दिसतो, आणि मी दुसरीकडे गेलो तर तो माझ्याबरोबर येतो का? दादाने उत्तराची वाट पाहिली नाही. त्याने निकाल एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिला, वर प्लास्टिक चढवलं आणि शर्टाच्या खिशात ठेवला. स्टार मात्र घातले नाहीत, ‘क्लोपिडोग्रेल चालत नाही’ एवढंच लिहिलं आहे.

आपली,
वैद्यकीय नोंदी विभागातील एक निवृत्त कर्मचारी

ता. क. : लेखासोबतच्या चित्रात डीएनएचा पीळ डावा छापला आहे. आपल्या पेशींत तो उजवा असतो. चित्र उलटं टांगून तो सुधारणार नाही, आरशातलं प्रतिबिंब छापावं लागेल.