जाळी लावण्याआधी एवढं वाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उजवा फॉगलॅम्प खडीने फुटला आणि वरच्या हेडलाइटवरही टोचा पडला हे वाचून वाईट वाटलं. नवी गाडी तू किती जपतोस ते मला ठाऊक आहे. पुढच्या दोन्ही दिव्यांवर लोखंडी जाळी बसवून घेऊ का, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला जाळी लावू नकोस. का, ते सविस्तर लिहितो. तू कारण पटल्याशिवाय ऐकणारा नाहीस, आणि विषयही माझ्या आवडीचा आहे.

आधी दगड कसा लागतो ते बघू. पुढच्या गाडीने दगड ‘मारला’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा घडतं ते वेगळंच. चाक फिरत असताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो रस्त्याच्या मानाने त्या क्षणी जवळजवळ थांबलेला असतो. टायरच्या खाचेत अडकलेली खडी रस्ता सोडल्यावर लगेच सुटली, तर ती मुख्यतः वर उडते. मागे किंवा पुढे जाण्याचा तिचा वेग फार नसतो. ती हवेत लोंबकळत असताना मागून आपण येतो आणि तिच्यावर आदळतो. म्हणजे तडाख्यातला मोठा वाटा आपल्याच वेगाचा. समोरून येणाऱ्या गाडीने उडवलेल्या दगडात तिच्या वेगाचाही थोडा भाग मिसळतो, पण तिथेही आपला वेग असतोच.

आता वेगाचा हिशेब बघ. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५ ग्रॅमची खडी ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या दिव्यावर लागली तर साधारण १.९ ज्यूल ऊर्जा एका टोकदार बिंदूवर उतरते. हवेचा विरोध सोडून दिला, तर तीच खडी ३९ मीटर उंचीवरून काचेवर टाकल्यासारखं आहे हे. ताशी ५० ला हीच उंची १० मीटरच्याही आत येते. आणि १०० वरून नुसतं ८० वर आलास तरी आघात ३६ टक्क्यांनी कमी होतो. हा ३६ चा आकडा लक्षात ठेव, पुढे लागेल.

अंतराचंही तसंच. दोन मीटर उंच उडालेला दगड परत रस्त्यावर पडायला साधारण १.३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपण तिथे पोहोचलो तर तो आपल्या दिव्याला, बॉनेटला किंवा पुढच्या काचेला लागणार. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवलं, तर उडालेली बहुतेक खडी आपण पोहोचेपर्यंत खाली पडून, दोन टप्पे घेऊन शांत झालेली असते. ताशी ८० ला तीन सेकंद म्हणजे सुमारे ६७ मीटर. ऐकताना फार वाटतं, पण मोकळ्या रस्त्यावर हे अंतर सहज राखता येतं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मोजायला लाग. तू त्या खांबापाशी तीनच्या आत पोहोचलास तर मागे सर.

खडी वाहणाऱ्या, वर ताडपत्री नसलेल्या ट्रकच्या मागे तर थांबूच नये. अशा ट्रकवरून खडी खाली सांडते, रस्त्यावर आपटून उसळते, आणि त्या सगळ्याला ट्रकचा वेगही मिळालेला असतो. सुरक्षितपणे पुढे जाता येत नसेल तर सरळ मागे पडावं. नव्याने डांबर फवारून वर बारीक खडी पसरलेला रस्ता लागला, तर सूचनाफलकावर वेगमर्यादा किती लिहिली आहे ते पाळच. सुरुवातीच्या काही दिवसांत रोलर आणि वाहनांच्या दाबाने खडी डांबरात बसत असते, न बसलेली वर सुटी असते. तिथे ओव्हरटेक करणारा स्वतःच्या गाडीचंही नुकसान करतो आणि दुसऱ्याच्याही. अरुंद रस्त्यावर समोरचा ट्रक एक चाक कडेच्या कच्च्या भागात घालून येताना दिसला, की शेजारून जाण्याआधीच वेग उतरव. कडेची सुटी खडी त्याच चाकाने उडते.

आता तुझ्या दिव्यांकडे येतो. तू दोन्हींना ‘काच’ लिहिलं आहेस, आणि सगळं उत्तर नेमकं तिथेच अडकलं आहे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या हेडलाइटचं पुढचं आवरण काचेचं नसतं, पॉलिकार्बोनेटचं असतं. हे प्लॅस्टिक १९५३ साली जर्मनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनिएल फॉक्स या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधलं. काचेची घनता पाण्याच्या अडीच पट, याची फक्त १.२ पट. पण खरा फरक मार सोसण्यात आहे. काचेवर टोकदार दगड बसला की तिच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चिरेतून भेग धावत सुटते. पॉलिकार्बोनेट त्या जागी किंचित वाकतं, दबतं आणि ऊर्जा पोटात घेतं. म्हणून तुझ्या हेडलाइटवर टोचा पडला आणि फॉगलॅम्प मात्र फुटला. पुष्कळ फॉगलॅम्पना अजून काचच असते. त्यात ते बंपरच्या तळाशी, जिथे खडीचा मारा सगळ्यात दाट. हॅलोजन बल्ब असेल तर काच चांगलीच तापलेली असते. तापलेल्या काचेवर डबक्याचं गार पाणी उडालं, तर दगडाने पडलेली बारीक चीर क्षणात आरपार जाऊ शकते.

तुझा दिवा कशाचा आहे हे ओळखणं सोपं आहे. आवरणाच्या कडेला बारीक अक्षरांत खुणा कोरलेल्या असतात. युरोपीय नियमांप्रमाणे मान्यता मिळालेल्या दिव्यावर ‘पीएल’ ही रोमन अक्षरं दिसली तर आवरण प्लॅस्टिकचं. खूण सापडली नाही तर नखाने टिचकी मार. काच खणखणीत वाजते, प्लॅस्टिकचा आवाज बसका येतो.

पॉलिकार्बोनेटची कमजोरी वेगळीच आहे. ते सहजासहजी फुटत नाही, पण ओरखडतं, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर कडक, पारदर्शक लेप चढवलेला असतो. बारीक खडी आणि वाळू वर्षानुवर्षं हा लेप टोचत राहते. लेप जिथे उडतो तिथून पिवळेपणा आणि धूसरपणा पसरतो. रात्री ‘हल्ली उजेड कमी पडतो’ असं जे वाटतं, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं, बल्ब नाही. म्हणजे हेडलाइटला धोका एका मोठ्या दगडाचा कमी, हजारो बारीक कणांचा जास्त. आणि त्यांना तुझी जाळी अडवणार नाही.

जाळीचा हिशेब आता मांडतो. २ मिलीमीटर जाडीची तार, उभी-आडवी, दर १० मिलीमीटरवर एक. मोकळी जागा एका बाजूने ८० टक्के, दुसऱ्या बाजूनेही ८० टक्के, म्हणजे एकूण ६४ टक्के. उरलेला ३६ टक्के उजेड तारेवरच अडतो. शिवाय ८ मिलीमीटरपेक्षा लहान खडी भोकातून आत जातेच. आता तो आधीचा ३६ आठव. ताशी १०० ऐवजी ८० ने गेलास तर आघात ३६ टक्के कमी होतो, आणि तोही प्रत्येक दगडाचा, लहान असो की मोठा. त्याने उजेड तसूभरही कमी होत नाही. जाळी तेवढाच उजेड खाते आणि बारीक खडी तरीही आत सोडते. रॅलीच्या किंवा डोंगरदऱ्यांत चालवायच्या गाड्यांवर जाळी दिसते, कारण तिथे मुठीएवढे दगड उडतात आणि दिवा पूर्ण फुटला तर पुढे जाणंच खुंटतं. आपल्याला रात्री रस्त्यावरचा माणूस वेळेत दिसायला हवा. त्या उजेडातला एक तृतीयांशाहून जास्त भाग मी कुठल्याही दगडाच्या भीतीने सोडणार नाही, आणि तूही सोडू नयेस असं मला मनापासून वाटतं. कायद्याचीही अडचण आहे: अमेरिकेचं वाहनांच्या दिव्यांसाठीचं मानक, एफएमव्हीएसएस १०८, पेटलेल्या हेडलाइटच्या पुढे जाळी किंवा आवरण चालवून घेत नाही. तुझ्याकडचा नियम तू आधी बघून घे.

अ‍ॅक्रिलिकची वेगळी ढालही मिळते, क्लिपने बसणारी. ती जाळीपेक्षा बरी, पण तिच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो. मधल्या फटीत धूळ आणि ओल साठते ती निराळीच.

मग करायचं काय? हेडलाइटला पारदर्शक फिल्म लाव. रंगावर लावतात तीच जात, थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, ज्याला सगळे पीपीएफ म्हणतात. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे ०.१५ ते ०.२ मिलीमीटर. हेडलाइटसाठी म्हणून जाड पर्यायही मिळतो. ही फिल्म लवचिक असते. खडीचं टोक कडक लेपापर्यंत पोहोचत नाही; मार फिल्ममध्ये पसरतो आणि ती परत सपाट होते. चांगल्या प्रतीच्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने भरूनही येतात. ती थेट चिकटलेली असल्यामुळे मध्ये हवेची फट नाही, म्हणून उजेडाचं नुकसान नगण्य. काळसर किंवा पिवळी, ‘स्टाइल’ म्हणून विकली जाणारी फिल्म मात्र घेऊ नकोस. आणि स्वस्त पीव्हीसी घेतलीस तर ती उन्हात स्वतःच पिवळी पडेल.

फिल्म लावण्याआधी आवरण निखळ स्वच्छ हवं, कारण खाली जे राहील ते कोंडलं जाणार. तुझा दिवा नवा आहे, तेव्हा घासायची गरज नाही. एखादा पॉलिश पेपरने घासून देतो म्हणाला तर थांबव त्याला. घासताना कारखान्याचा लेप निघून जातो. जुन्या, धुरकट दिव्याला ते करावं लागतं, पण मग लगेच अतिनील किरण रोखणारा नवा लेप किंवा फिल्म चढवायलाच हवी. नाहीतर काही महिन्यांत दिवा पहिल्यापेक्षा जास्त पिवळा होतो. धुताना साबणाचं पाणी आणि मऊ फडकं एवढंच वापर. कोरडं फडकं धुळीचे कण आवरणावर रगडतं. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन किंवा अमोनिया असलेला काचेचा क्लीनर पॉलिकार्बोनेटला बाधतो, सूक्ष्म तडे जातात. फिल्म वळणावर बसवताना थोडी ऊब द्यावी लागते, पण हीटगन एका जागी रोखू नकोस. १४७ अंश सेल्सिअसच्या आसपास पॉलिकार्बोनेट मऊ पडतं. आणि काम करायच्या आधी भिंतीसमोर गाडी उभी करून लो बीमची, म्हणजे खाली झुकलेल्या झोताची, वरची कड कुठे पडते ते खडूने आखून ठेव, नंतर ताडून बघ. कड पुसट झाली तर फिल्ममध्ये सुरकुती आहे किंवा खाली पाणी राहिलंय.

फॉगलॅम्पचं वेगळं. नवा बसवताना प्लॅस्टिक आवरणाचा, एलईडीचा मिळत असेल आणि तो तुझ्या गाडीसाठी मान्यताप्राप्त असेल तर तोच घे. काचेचा हॅलोजनच बसणार असेल तर त्यावर फिल्म चिकटवण्यापेक्षा काढता येणारं टोपण बरं, कारण तापणाऱ्या काचेवर फिल्मला फुगे येऊ शकतात. धुकं नसताना हे दिवे बंदच असायला हवेत, तेव्हा टोपण दिवसभर राहिलं तरी बिघडत नाही. पेटवण्याआधी मात्र न चुकता काढायचं. जुन्या शर्यतींच्या गाड्यांच्या काचेवर टेपच्या फुल्या मारलेल्या तू फोटोत पाहिल्या असशील. त्या फुल्यांनी काच वाचत नव्हती. फुटली तर तुकडे ट्रॅकवर विखुरू नयेत एवढ्यासाठी त्या असत.

हेडलाइटवरच्या टोच्यात नख अडकत नसेल तर तो तसाच राहू दे, त्यावरच फिल्म जाईल. भेग असेल तर लगेच स्वच्छ पारदर्शक टेप लावून पाणी अडव. आत पाणी गेलं की रिफ्लेक्टरवरचा चकचकीत मुलामा खराब होतो आणि मग आख्खं युनिट बदलावं लागतं. गार हवेत आतून थोडा दमटपणा दिसून दिवा लावल्यावर नाहीसा होत असेल तर घाबरू नकोस. दिव्याला हवा खेळायला झरोका ठेवलेलाच असतो. थेंब ओघळून तळाशी साचत असतील तर मात्र काळजीचं. पुढच्या काचेचे टवके रेझिनने भरतात तसं इथे होत नाही. ती काच दोन थरांची, मध्ये पापुद्रा घातलेली असते. दिव्याचं आवरण एकेरी.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं: तुझ्या चारही चाकांमागे मडफ्लॅप लावून घे, आणि टायरच्या खाचांत अडकलेली खडी अधूनमधून काढत जा. त्याने तुझे दिवे वाचणार नाहीत, तुझ्या मागून येणाऱ्याचे वाचतील.

फिल्म मागवलीस की कळव. उघड्या उन्हात ती पटापट चिकटते आणि हलवता येत नाही, तेव्हा सावलीची, धूळ नसलेली जागा बघून ठेव. मी येतो, चार हात असले की वळणावर ताणून धरणं सोपं जातं. वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र